काळ्या सुटातला पाहुणा

पपनसांच्या पिशव्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. जानेवारी लागला की ॲरिझोनातल्या आमच्या चँडलर गावच्या जुन्या वस्तीतली माणसं अंगणातली फळं उतरवतात, कागदी पिशव्यांत भरतात आणि फुटपाथच्या कडेला ठेवून देतात. ज्याला हवी त्याने न्यावी. एकेका झाडाला इतकी फळं धरतात की एका घराला ती संपत नाहीत. इथे त्यांना ग्रेपफ्रूट म्हणतात. पपनस त्याहून मोठं आणि जाड सालीचं असतं हे ठाऊक असूनही आमच्या घरात पहिल्या वर्षापासून पपनसच म्हणतात, आणि आता नाव बदलायचं आमचं वय राहिलं नाही.

परवा सकाळी काठी घेऊन फिरायला निघालो, तर कोपऱ्यावरच्या घरात एक तरुण बाई झाडांच्या बुंध्यांना पांढरा रंग देत होती. इथल्या उन्हाने झाडाची साल भाजते, तडकते, म्हणून बुंधे रंगवायची पद्धत आहे. ओला रंग आणि पिकलेली फळं यांचा मिळून एक वास येतो, तुरट, थोडा कडवट, पण स्वच्छ. त्या वासापाशी माझे पाय थांबतात. बाईने हात हलवला. तिला वाटलं असेल, म्हातारा दमला.

घरी आलो तर रियाचा फोन. रिया आमच्या महाराष्ट्र मंडळाची यंदाची सेक्रेटरी. इथेच जन्मलेली, हुशार, घाईत असलेली.

"काका, संक्रांतीच्या प्रोग्रामला तुम्ही ती हॉलीवूडवाली स्टोरी सांगाल ना? ते ॲक्टर आजोबा? सो स्वीट आहे ती! फक्त शॉर्टमध्ये हां काका, मुलं बोअर होतात."

ती गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. हॉलीवूडचा एक जुना नट आमचा शेजारी होता. त्याने मला रंगमंचावर मरायला शिकवलं. आमच्या नाटकाला यायची त्याची फार इच्छा होती, पण आजारपणामुळे त्याला येता आलं नाही. लोक आधी हसतात, मग हळहळतात. गोष्ट चांगली आहे. फक्त तिचा शेवट खोटा आहे, आणि तो मी रचलेला आहे.

*

ऐंशीच्या दशकातलं चँडलर आठवायचं तर आधी कापूस आठवावा लागतो. आता जिथे संगणकाच्या चिपचे कारखाने आणि एकसारखी घरं आहेत, तिथे तेव्हा कापसाची शेतं होती. वेचणी झाली की रस्त्याच्या कडेला पांढरे पुंजके उडत राहायचे. माझं मूळ गाव जळगावकडचं. पहिल्यांदा ते पुंजके पाहिले तेव्हा मी गाडी थांबवून खाली उतरलो होतो. कुमुद म्हणाली होती, "अहो, कापूसच आहे. इतकं काय बघता?"

मी चिपच्या कारखान्यात इंजिनियर होतो. आमच्या घराच्या पलीकडे, एक घर सोडून, वॉरन टास्कर राहायचे. उंच, किंचित वाकलेले, खर्जातला आवाज. कालव्याचं पाणी यायचं तेव्हा सगळ्या अंगणांत घोट्याएवढं पाणी साचायचं. टास्कर पँट वर दुमडून त्या पाण्यात उभे राहायचे आणि आमच्या मुलीला, मेघनाला, कागदाच्या होड्या करून द्यायचे. ती त्यांना टास्कर आजोबा म्हणायची. मला ते सारखे सांगायचे, "मला एल्मर म्हण. तेच माझं खरं नाव आहे. वॉरन टास्कर हे नाव स्टुडिओने दिलं." पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमलं नाही. मी शेवटपर्यंत मिस्टर टास्करच म्हणत राहिलो.

त्यांची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक झाडं रंगवताना. नेब्रास्कातल्या शेतावर जन्म. तंबूत नाटकं करणारी एक फिरती मंडळी गावात आली, तिच्याबरोबर घर सोडलं. तिथून कॅलिफोर्निया. आवाज चांगला होता, आणि सिनेमा तेव्हा नुकता बोलायला लागला होता. स्टुडिओने करारावर घेतलं, दात सरळ केले, नाव बदललं, नेब्रास्कातली बोली पुसून टाकली. एकदा नायक केलं. तो सिनेमा पडला. त्यानंतर ते कायम नायकाच्या बाजूला उभे राहिले. नायकाचा मित्र, वाईट बातमी सांगणारा डॉक्टर, मध्यंतराच्या आधी गोळी लागून मरणारा शेरीफ.

"दार उघडून आत यायचं आणि सांगायचं की पूल वाहून गेला," ते म्हणायचे. "माझं सगळं करिअर एवढंच. पण कोणीतरी सांगायला हवंच ना?"

पुढे करार संपला. टीव्हीवर छोटी कामं मिळाली. मग तीही बंद झाली आणि नव्या सुपरमार्केटच्या उद्‌घाटनांना काउबॉयची टोपी घालून उभं राहणं आलं. बायकोला, रूथला, छातीचा विकार होता. कोरड्या हवेसाठी ती दोघं ॲरिझोनात आली. रूथ गेली, मूलबाळ नव्हतं. उरली झाडं.

"आयुष्यभर लोकांनी माझं तोंड रंगवलं," एकदा बुंध्यावरून ब्रश फिरवत ते म्हणाले, "आता मी यांना रंगवतो. यांची तक्रार नसते."

*

आणि त्याच दिवशी, त्याच झाडाशी, त्यांनी मला ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"तुमच्यातला एक माणूस मी केला होता एकदा," ते म्हणाले. "हिंदू पुजारी. जंगलातल्या देवळातला, क्रूर. सकाळभर तपकिरी रंग फासायचे, दाढी चिकटवायचे. सगळंच खोटं होतं. पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळं."

त्या सिनेमात गर्दीतल्या माणसांची कामं करायला कॅलिफोर्नियाच्या शेतांवरचे काही पंजाबी मजूर आणले होते. एका प्रसंगात पुजाऱ्याने एका म्हाताऱ्याला काठीने ढकलायचं होतं. दिग्दर्शक ओरडला, खरं ढकल. टास्करनी खरं ढकललं. म्हातारा पडला, त्याची पगडी सुटून धुळीत गेली आणि सगळा सेट हसायला लागला.

"मीही हसलो," टास्कर म्हणाले. "ढकललं ते काम होतं. हसलो ते काम नव्हतं. कॅमेरा तेव्हा बंद झाला होता."

म्हाताऱ्याने पगडी उचलली, झटकली आणि वळून त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा गर्दीत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

तो माणूस शीख होता, आम्ही मराठी. त्याची क्षमा माझ्याकडे कशी असणार? मी म्हणालो, "फार जुनी गोष्ट झाली." ते म्हणाले, "हो. म्हणूनच घाई आहे."

*

त्या वर्षी मी मंडळाचा अध्यक्ष होतो. मंडळ म्हणजे थोडी कुटुंबं, एका शाळेचा भाड्याचा हॉल आणि घरोघरी वाटून घेतलेला स्वयंपाक. आधीच्या अध्यक्षांनी शहराच्या महापौरांना आणलं होतं, त्याचं कौतुक अजून चालू होतं. मला वाटलं, आपण हॉलीवूड आणू. संक्रांतीच्या कार्यक्रमात टास्करना प्रमुख पाहुणे करायचं, शाल-श्रीफळ द्यायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या सिनेमाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. कशाला काढा, असं वाटलं. कोणी पाहिलेला असणार आहे तो?

मी आमंत्रण दिलं तेव्हा टास्कर म्हणाले, "येतो. पण शालीच्या आधी मला दोन मिनिटं दे. तुझ्या लोकांना काही सांगायचंय. काय ते तुला ठाऊक आहे. तो माणूस आता मला सापडणार नाही. मला माहीत असलेली तिकडची माणसं म्हणजे तुम्हीच."

कुमुदने त्यांना सांगितलं की संक्रांतीला आम्ही काळे कपडे घालतो. एरवी सणासुदीला काळं वर्ज्य, पण हा एक दिवस वेगळा. त्यांना फार गंमत वाटली. "माझ्याकडे काळा सूट आहे. रूथच्या वेळी घातला, त्यानंतर नाही. सणासाठी घालायला मिळाला तर त्यालाही बरं वाटेल." दुसऱ्या दिवशी तो सूट त्यांच्या मागच्या अंगणात दोरीवर, पपनसाच्या दोन झाडांच्या मधे, वाऱ्याला लावलेला दिसला.

आमचं नाटकही होतं. मंडळातल्याच एकाने लिहिलेलं, घरगुती. मी त्यात बाप होतो आणि तिसऱ्या अंकात कोसळून मरायचं होतं. टास्करनी मला अंगणात शिकवलं.

"आधी गुडघा. मग कंबर. मग खांदा. हात पुढे करायचा नाही."

"तोंडावर पडेन की!"

"नाही पडणार. हात पुढे आला की लोकांना कळतं, याला स्वतःला वाचवायचंय. मरणारा माणूस स्वतःला वाचवत नाही."

मी पुन्हा पुन्हा पडायचो, हात पुन्हा पुन्हा पुढे यायचा. मेघना पायरीवर बसून ओरडायची, "बाबा, यू चीटेड! हात, हात!" टास्कर हसून खोकायचे.

*

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी कमिटी आमच्याकडे जमली होती. कुमुदने पोहे केले होते. दिलीप देशकर उशिरा आला. हा मूळचा नागपूरचा, माझ्याच कारखान्यातला, मनाने सरळ आणि तोंडाने फटकळ. आल्या आल्या त्याने पोह्यांची बशी बाजूला सारली.

"मधू, काल दुपारी टीव्हीवर तुझ्या टास्करचा सिनेमा होता."

"अरे वा," कोणीतरी म्हणालं.

"वा काय यार! हिंदू पुजारी झालाय. काळा रंग फासलाय तोंडाला. एका म्हाताऱ्याला काठीने ढकलतो, त्याची पगडी पडते. माझा नील बघत बसला होता. आधीच त्याला शाळेत पोरं विचारतात, तुम्ही साप खाता का, माकडं खाता का. तो मला म्हणाला, डॅड, धिस मॅन इज कमिंग टू अवर संक्रांत? काय सांगू त्याला? आणि आपण ह्या माणसाला शाल-श्रीफळ द्यायचं?"

दिलीपचं चुकत नव्हतं. मग सगळे माझ्याकडे वळले.

"मधू, तुला माहीत होतं हे?"

हा तो क्षण. मी म्हणायला हवं होतं, हो, माहीत होतं. त्यांनीच सांगितलंय. त्याच पगडीबद्दल बोलण्यासाठी त्यांना दोन मिनिटं हवी आहेत. पुढे तुम्ही ठरवा. एवढं बोललो असतो तर कदाचित दिलीपनेच म्हटलं असतं, येऊ दे मग. पण मग पुढचा प्रश्न आला असता, माहीत असून लपवलंस का? खोलीतले सगळे चेहरे चकित होते. मीही चकित झालो.

"नाही रे. मला काय कल्पना!"

"मग तूच सांग त्याला," दिलीप म्हणाला. "खरं कारण सांग. माणूस मोठा आहे, उगाच थापा नको."

मी मान हलवली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. सूट इस्त्री होऊन दारामागे टांगलेला होता. मी म्हणालो, "प्रोग्राम कॅन्सल झाला. शाळेने हॉल दिला नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नटाकडे पाहून खोटं बोलणं अवघड असतं. त्याला ते काम माहीत असतं.

"असं होतं," ते म्हणाले. "माझे पुष्कळ शो कॅन्सल झालेत." आणि जाताना त्यांनी नेहमीसारखी फळांची पिशवी माझ्या हातात दिली.

घरी कुमुदला सांगितलं, त्यांना बरं नाही, ते येत नाहीत. ती हळहळली. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही निघालो. तिची काळी चंद्रकळा, मेघनाचं काळं परकर-पोलकं, माझा काळा कुडता. गाडीत बसताना कुमुदने तिळाच्या लाडवांचा एक डबा माझ्या हातात दिला. "आजारी माणूस आहे. पटकन देऊन या, मी बसते." मी चार पावलं गेलो, त्यांच्या कुंपणाच्या आड उभा राहिलो आणि परत आलो. डबा सीटखाली सरकवला. "झोपलेत ते. पायरीवर ठेवला."

हॉलमध्ये स्टेजवरून मी जाहीर केलं, "आपले प्रमुख पाहुणे प्रकृतीच्या कारणामुळे येऊ शकत नाहीत." नाटक झालं. तिसऱ्या अंकात मी पडलो. टाळ्या पडल्या. सामान आवरताना दिलीप म्हणाला, "शाळेने किल्ली घेऊन तो म्हातारा पाठवला होता ना, मागच्या दाराशी, चांगला काळ्या सुटात. बिचारा सगळा वेळ उभा होता. मी त्याला तिळगूळ दिला." मी पडद्याच्या दोऱ्या गुंडाळत होतो. शाळेने हॉलची किल्ली दुपारीच माझ्याकडे दिली होती. ती माझ्या खिशात होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी टास्कर झाडं रंगवत होते. मी जवळ गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळवला.

"गुडघा छान होता," ते म्हणाले. "कंबरही छान. पण हात पुढे आला."

मी उभा राहिलो.

"तुम्ही सगळे काळे कपडे घालून निघालात ते खिडकीतून दिसलं. आमंत्रणावर हॉलचा पत्ता होताच." ते पुन्हा रंगवायला लागले. "दाराशी एका भल्या माणसाने माझ्या हातावर लाडू ठेवला. म्हणाला, हे घ्या आणि गोड बोला. तुमच्यात तसं म्हणतात म्हणे. तेव्हा तुझ्या नाटकाबद्दल मी एवढंच बोलणार."

तो मला मिळालेला दुसरा क्षण होता. पहिल्या वेळी खोलीत माणसं होती, इथे कोणी नव्हतं. फक्त मला सांगायचं होतं की मी भ्यालो. रंगाचा तो तुरट वास येत होता.

"थँक यू, मिस्टर टास्कर," मी म्हणालो.

"एल्मर," ते म्हणाले.

मार्चमध्ये झाडं फुलली. तो बहर आला की सबंध गल्लीला मोगऱ्याची आठवण यावी असा वास सुटतो. ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे, मी लांबून हात करायचो. पिशव्या येत राहिल्या, पण आता पायरीवर ठेवलेल्या असायच्या. उन्हाळ्यात आम्ही भारतात गेलो. परतलो तेव्हा त्यांच्या घराला कुलूप होतं आणि अंगणात पाणी सोडायला कोणी नव्हतं.

ते गेल्यावर मंडळाच्या पुढच्या स्मरणिकेत मी त्यांच्यावर लेख लिहिला. त्यातही लिहिलं, आजारपणामुळे येऊ शकले नाहीत. लेखाचं कौतुक झालं. मग मी ती गोष्ट सांगत गेलो. सांगता सांगता ती इतकी गुळगुळीत झाली की मलाही कुठे टोचेना. फक्त जानेवारीत टोचायची.

*

परवा रियाचा फोन ठेवल्यावर कुमुदला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. ऐकून घेतलं, सोलत राहिली. मला वाटलं, ती म्हणेल, इतकी वर्षं माझ्याशीही खोटं बोललात. ती म्हणाली,

"म्हणजे तो डबा तुम्ही दिलाच नाहीत?"

"नाही."

"मी त्यांना नंतर विचारलं होतं, लाडू आवडले का. ते म्हणाले, फार आवडले." तिने डोळ्यांना पदर लावला. "त्यांनी तुम्हाला सांभाळून घेतलं हो."

मग उठून आतल्या कपाटातून ती शाल घेऊन आली. पुण्याहून मुद्दाम मागवलेली, घडीही न मोडलेली. मला वाटत होतं, ती कधीच कोणाला तरी देऊन टाकली असेल. "कोणाच्या अंगावर घालणार होते?" ती म्हणाली. "ती त्यांची होती."

काल दिलीपला फोन केला. तोही आता थकलाय, नीलच्या घरी असतो. त्याला सांगितलं की मला सगळं माहीत होतं, त्या माणसाला माफी मागायची होती, आणि ती आपल्या लोकांपर्यंत पोचू दिली नाही ती मी. टास्कर त्या रात्री हॉलच्या मागच्या दाराशी आले होते, तेही सांगितलं. दिलीप चिडेल अशी माझी तयारी होती.

"तो किल्लीवाला," तो म्हणाला. "तो टास्कर होता?"

"हो."

"आणि मी त्याला सांगितलं, गोड बोला."

"हो."

"एकदा विचारलं असतंस तर दोन मिनिटं दिली असती रे मी," दिलीप म्हणाला. "दहा दिली असती." आणि त्याने फोन ठेवला.

रियाला आज उलट फोन केला. म्हणालो, गोष्ट नको, मला दोन मिनिटं दे. "दोनच? श्युअर काका? परफेक्ट!" ती खूश झाली. काळा कुडता कुमुदने बाहेर काढून ठेवलाय. शनिवारी हॉलमध्ये समोर लहान मुलं असतील, नीलची मुलंही असतील. आधी त्यांना एका पंजाबी म्हाताऱ्याच्या धुळीत पडलेल्या पगडीबद्दल सांगेन, आणि तिला हसलेल्या एका नटाला काय सांगायचं होतं तेही. त्याची माफी मी मागू शकत नाही, फक्त पोचवू शकतो. माझी माफी वेगळी आहे, तिला त्या दोन मिनिटांतला वेळ नको.

आणि मग तेवढं एक वाक्य, जे तेव्हा स्टेजवरून मी उलटं सांगितलं होतं. आपले प्रमुख पाहुणे आजारी नव्हते. एल्मर आले होते. मागच्या दाराशी काळ्या सुटात उभे होते, नाटक संपेपर्यंत.